थेट सरपंच आणि अमेरिकेचा अध्यक्ष

आज आपल्याला अमेरिकेच्या राज्यकारभाराविषयी बोलायचे आहे. विषय ऐकून कुणी म्हणेल, "अहो, शहापूर-मुरबाडच्या रस्त्यावर, भातसेच्या काठी आमचे सापगाव. आम्हाला वॉशिंग्टनच्या कारभाराशी काय करायचे आहे? आमची ग्रामपंचायत आम्हाला पुरे झाली!" बरोबर आहे. म्हणूनच मी सुरुवात ग्रामपंचायतीपासून करणार आहे. अमेरिकेला आपण त्याच वाटेने जाऊ.

तुम्हाला आठवत असेल, २०१७ साली आपल्या राज्यात ग्रामपंचायतीचा कायदा बदलला. तोपर्यंत आपण प्रभागातले सदस्य निवडून द्यायचे आणि ते सदस्य आपसांत बसून सरपंच निवडायचे. २०१७ पासून सरपंचासाठी आणखी एक मत गावाच्या हाती आले आणि साऱ्या गावाने सरपंच थेट निवडायचा असे ठरले. २०२० साली सरकार वेगळे होते. त्याने तो बदल मागे घेतला आणि सरपंच निवडण्याचे काम पुन्हा सदस्यांकडे गेले. २०२२ साली पुन्हा सरकार बदलले, पुन्हा कायदा बदलला आणि थेट सरपंच परत आला. पाच वर्षांत तीन उलथापालथी! गावात कुणी म्हणाले, हा पक्षांचा खेळ आहे. असेलही. पण त्या खेळाच्या तळाशी एक जुना आणि खरा प्रश्न आहे. कारभाऱ्याला कुणी निवडावे, आणि निवडून आल्यावर त्याला जाब कुणी विचारावा? याच प्रश्नावर १७८७ साली अमेरिकेत एक उन्हाळाभर वाद झाला, आणि १९४८ साली दिल्लीत आपल्या घटना समितीपुढे तो पुन्हा आला.

तर प्रथम १७८७ ची गोष्ट. इंग्रजांच्या राजाशी लढून अमेरिकेतली तेरा संस्थाने स्वतंत्र झाली होती. संस्थाने म्हणजे आपल्याकडची राजेरजवाड्यांची संस्थाने नव्हेत. ज्यांना आपण आज राज्ये म्हणतो ती. या राज्यांनी धाडलेले प्रतिनिधी फिलाडेल्फिया शहरात जमले. एकूण पंचावन्न जण त्या सभेला येऊन गेले. दारे बंद करून चार महिने खल चालला. राजा नको यावर सगळ्यांचे एकमत होते. पण राजा नको म्हटले तरी कारभार हाकायला कुणीतरी एक माणूस हवाच ना? तो निवडायचा कसा?

व्हर्जिनिया राज्याच्या प्रतिनिधींनी योजना मांडली, तीत कारभारी विधिमंडळाने निवडावा असे होते. म्हणजे आपली जुनी रीत, सदस्यांनी सरपंच निवडण्याची. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन उभे राहिले आणि म्हणाले, कारभारी लोकांनीच निवडावा. विधिमंडळाने निवडला तर तो विधिमंडळाच्या ओंजळीने पाणी पिईल. दुसऱ्या बाजूचे म्हणत, एवढ्या पसरलेल्या देशात शेतकऱ्याला दूरच्या उमेदवाराची काय माहिती? शेवटी दोघांच्या मधला एक चमत्कारिक मार्ग निघाला. प्रत्येक राज्याने काही निर्वाचक नेमावेत आणि त्या निर्वाचकांनी अध्यक्ष निवडावा. तीच पद्धत आजही आहे. एकूण ५३८ निर्वाचक. ज्याला २७० मिळतील तो अध्यक्ष. त्यामुळे कधीकधी देशभरात कमी मते मिळालेला उमेदवारही अध्यक्ष होतो. २००० साली असे झाले आणि २०१६ सालीही झाले. तेव्हा सांगायची गोष्ट ही की, आपला थेट सरपंच हा अमेरिकेच्या अध्यक्षापेक्षाही जास्त थेट आहे! तिथे मतदार आणि अध्यक्ष यांच्यामध्ये निर्वाचकांची एक फळी आहे. इथे तुमच्या बोटाची शाई आणि सरपंचाची खुर्ची यांच्यामध्ये कुणीच नाही.

पण अध्यक्ष निवडून झाला म्हणजे त्या लोकांचे काम संपले नाही. उलट तिथून खरे काम सुरू झाले. एका माणसाच्या हाती सत्ता दिली की ती माजते, हे त्यांनी राजाच्या राज्यात भोगले होते. म्हणून त्यांनी सत्तेच्या तीन वाटण्या केल्या. कायदे करणारे विधिमंडळ वेगळे, अंमल करणारा अध्यक्ष वेगळा, न्याय करणारे न्यायालय वेगळे. तिथल्या विधिमंडळाला 'काँग्रेस' म्हणतात. आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाशी त्याचा काही संबंध नाही. शाळेत मुले इथे हमखास घोटाळा करतात, गुरुजींनी ते आधीच सांगून टाकावे. काँग्रेसची दोन सभागृहे आहेत. एक प्रतिनिधिगृह, ४३५ सदस्यांचे. दुसरे सिनेट, १०० सदस्यांचे. प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला दर दोन वर्षांनी मतदाराच्या दाराशी यावे लागते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार हे मराठी गृहस्थ – नावावरून ते आपल्याला ठाण्याचेच वाटतील – २०२२ साली मिशिगन राज्यातून या गृहावर निवडून गेले आणि दोनच वर्षांनी, २०२४ साली, त्यांना पुन्हा मते मागत फिरावे लागले. सिनेटच्या सभासदाची मुदत मात्र सहा वर्षांची असते.

नुसत्या वाटण्या करून भागत नाही. भाऊ वेगळे निघाले तरी बांध सारखा कोरला जातोच. म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याचा लगाम दिला. काँग्रेसने कायदा केला तर अध्यक्ष त्याला नकार देऊ शकतो. पण दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तोच कायदा पुन्हा मंजूर केला तर अध्यक्षाचा नकार चालत नाही. अध्यक्ष मंत्री आणि न्यायाधीश नेमतो, पण सिनेटने मान्यता दिल्याशिवाय ती नेमणूक पक्की होत नाही. खजिन्याची किल्ली काँग्रेसच्या हाती. तिने मंजूर केल्याशिवाय अध्यक्षाला एक डॉलर खर्चता येत नाही. आणि हे दोघेही घटनेबाहेर गेले तर सर्वोच्च न्यायालय त्यांना अडवते. तुम्ही ग्रामपंचायतीचा चेक पाहिला आहे ना? त्यावर एकट्या सरपंचाची सही चालत नाही. सरपंच आणि ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो ते ग्रामपंचायत अधिकारी, अशा दोघांच्या सह्या लागतात. एक गावाने निवडलेला, दुसरा जिल्हा परिषदेने नेमलेला. एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावे म्हणूनच ही सोय आहे. अमेरिकेची सारी घटना म्हणजे अशा दोन-दोन, तीन-तीन सह्यांची व्यवस्था आहे म्हणा ना.

हा लगाम नुसता कागदावर राहिला असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. १९७४ साली निक्सन हे अध्यक्ष होते. त्यांच्या कचेरीतल्या संभाषणाच्या ध्वनिफिती न्यायालयाने मागितल्या आणि त्यांनी त्या देण्याचे नाकारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथले काही न्यायाधीश स्वतः निक्सन यांनीच नेमलेले होते. तरी निकाल एकमताने लागला : फिती द्या. अध्यक्ष झाला तरी कायद्याच्या वर नाही. पंधरवड्यानंतर निक्सन यांनी राजीनामा दिला.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लगाम दोघांनी दोन दिशांना ओढला की बैल जागच्या जागी उभा राहतो. २०२५ साली १ ऑक्टोबरपासून तिथल्या केंद्र सरकारच्या कित्येक कचेऱ्या बंद पडल्या, कारण खर्चाला मंजुरी देण्यावर काँग्रेसमध्ये मतैक्य होईना. ४३ दिवस हे चालले. लाखो नोकरांचे पगार थांबले. आपल्याकडे असे होत नाही. दिल्लीत किंवा मुंबईत अर्थसंकल्प नामंजूर झाला तर सरकारच जाते. मग दुसरे सरकार येते किंवा निवडणूक होते. अमेरिकेत मात्र अध्यक्ष जात नाही, काँग्रेसही जात नाही. दोघेही मुदत संपेपर्यंत एकमेकांकडे पाठ करून बसू शकतात. अध्यक्षाला मुदतीआधी काढायचे तर महाभियोग हा एकच मार्ग, आणि तोही फार अवघड. प्रतिनिधिगृहाने आरोप ठेवायचे आणि सिनेटने दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचे. १८६८ साली अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले. १९९८ साली क्लिंटन यांच्यावर आरोप ठेवले गेले, २०१९ आणि २०२१ साली ट्रम्प यांच्यावर. सिनेटने आजवर एकाही अध्यक्षाला पदावरून काढलेले नाही.

हे सारे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पुरेपूर ठाऊक होते. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा त्यांनी घटना समितीपुढे ठेवला, तेव्हा या दोन पद्धतींची तुलना त्यांनी फार नेमकी केली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : लोकशाहीतल्या कारभाऱ्याच्या अंगी दोन गुण हवेत, एक स्थैर्य आणि दुसरा जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत स्थैर्य जास्त देते, जबाबदारी कमी. इंग्लंडची पद्धत जबाबदारी जास्त देते, स्थैर्य कमी. अमेरिकेत कारभाऱ्याचा हिशेब मुदत संपल्यावर होतो. संसदीय पद्धतीत तो रोज होतो. रोज प्रश्न, रोज चर्चा, हवा तेव्हा अविश्वासाचा ठराव. आणि निवडणुकीत मतदार पुन्हा हिशेब घेतो तो वेगळाच. भारतासाठी त्यांनी जबाबदारी पसंत केली.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी खेड्यांविषयी फार कडक शब्द काढले होते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर, असा त्यांचा सूर होता. अनेक सभासद त्यावर नाराज झाले आणि पुढे ग्रामपंचायतींविषयीचे ४० वे कलम घटनेत आले. मला स्वतःला वाटते, बाबासाहेबांचा तो राग आपण खेड्यातल्या माणसांनी अपमान म्हणून मनात धरू नये. गावकीच्या बैठकीत कोण ओट्यावर बसतो आणि कोण अंगणात उभा राहतो, हे त्यांनी पाहिले होते आणि सोसलेही होते. गावाच्या हाती सत्ता दिली तर ती गावातल्या कुणाच्या हाती जाईल, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न घेऊनच आपल्याला आता गावात परत यायचे आहे.

पण त्याआधी वाटेत दोन गोष्टी. अमेरिकेची स्तुती ऐकून कुणी भाळून जाऊ नये म्हणून पहिली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांचा तो गौरव होता. पण मूळच्या घटनेत, लोकसंख्येप्रमाणे जागा वाटताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब धरलेला होता. गुलामी गेली १८६५ साली. स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० साली. आणि दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसाला वाचण्या-लिहिण्याच्या परीक्षा घालून मतपेटीपासून दूर ठेवीत. तो प्रकार बंद करणारा कायदा आला १९६५ साली. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, एक अक्षर न वाचणाऱ्या कातकरणीचे मत आणि मुंबईच्या बॅरिस्टराचे मत कायद्याने एकाच किमतीचे होते. ही गोष्ट आपण पोरांना पुरेशी सांगत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, ती शहापूरकरांना लगेच समजेल. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोनच सभासद असतात, राज्य लहान असो की मोठे. २०२० च्या खानेसुमारीत कॅलिफोर्नियाची वस्ती ३ कोटी ९५ लाख होती आणि वायोमिंगची पावणेसहा लाखांच्या आसपास. प्रतिनिधिगृहात कॅलिफोर्नियाचे ५२ आणि वायोमिंगचा एकटा एक. पण सिनेटमध्ये दोन आणि दोन. १७८७ साली लहान राज्ये अडून बसली होती : नुसती डोकी मोजाल तर मोठी राज्ये आम्हाला गिळतील. आता आपल्याकडे पाहा. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी नळांतून मुंबईला जाते. तानसा तर १८९२ पासून. धरणे शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही शहापूर तालुक्यातच. विधानसभेत मुंबईच्या जागा ३६ आणि शहापूर मतदारसंघाची एक. सिनेटसारखे सभागृह असते तर पाणी मिळाले असते, असे मी म्हणत नाही. सिनेटमुळे अमेरिकेतही पाण्याचे तंटे मिटलेले नाहीत, आणि दोन शेंड्यांच्या राज्याला चार कोटींच्या राज्याएवढा मान देणे हाही एक अन्यायच आहे, असे तिथले कित्येक लोक म्हणतात. मात्र थोड्यांचे म्हणणे ऐकू यावे म्हणून काही वेगळी सोय करावी लागते, नुसत्या बहुमताने ते ऐकू येत नाही, हे तत्त्व त्या लोकांनी ओळखले. आपण ते ओळखले नाही असे नाही. शहापूर तालुका सगळा आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ साली केंद्राने पेसा कायदा केला, त्यामुळे अशा क्षेत्रात सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असते. पेसाची आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे थोड्या वेळाने येतो.

आता गावात या. जुन्या रीतीत काय होत असे? दोन तृतीयांश सदस्यांनी अविश्वासाच्या ठरावाला हात वर केला की सरपंच पायउतार. बाई सरपंच असेल तर तीन चतुर्थांश. म्हणजे बाबासाहेब म्हणाले तसे, जबाबदारी रोजची. पण ती जबाबदारी कुणाला? गावाला नव्हे, सात-नऊ सदस्यांना. मग सदस्य फुटणार, ठरावाच्या आधी त्यांना गाडीत घालून कुठेतरी सहलीला नेणार, सरपंच आपली खुर्ची सांभाळण्यात गुंतणार, आणि नळाची मोटार मात्र जळलेली तशीच राहणार. हे चित्र कुणाला नवे नाही. थेट निवडणुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे यामुळेच खोटे म्हणता येत नाही.

नव्या रीतीत सरपंचाला अमेरिकेच्या अध्यक्षासारखे स्थैर्य मिळाले. निवडून आल्यावर पहिली दोन वर्षे आणि मुदत संपण्याआधीचे सहा महिने त्याच्यावर अविश्वासाचा ठराव आणता येत नाही. मधल्या काळात आणला तर तीन चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर करावा लागतो. आणि तेवढ्याने भागत नाही, त्यानंतर खास ग्रामसभेत गुप्त मतदान होऊन गावाने त्यावर शिक्का मारावा लागतो. ज्याने बसवले त्यानेच उठवावे, हे न्यायाचे आहे. पण अमेरिकेतली अडचणही त्याबरोबर आली. समजा, सापगावासारख्या एखाद्या गावात सरपंच एका पॅनेलचा निवडून आला आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे. सरपंच म्हणतो गटार आधी, सदस्य म्हणतात समाजमंदिर आधी. ठराव होत नाही. सरपंच जात नाही आणि सदस्यही जात नाहीत. वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांना जसे टाळे लागले, तसे गावच्या कामाला लागते. फरक एवढाच की वर्तमानपत्रात बातमी येत नाही.

शिवाय अध्यक्षासारखे स्थैर्य दिले, तर अध्यक्षाभोवतीचे लगामही द्यायला हवेत की नाही? गावात सिनेट नाही. सर्वोच्च न्यायालय फार लांब. तालुक्याच्या कचेरीत खेटे घालायलाही रोजगार बुडवावा लागतो. मग थेट निवडलेल्या सरपंचाला रोज जाब विचारणार कोण? आपल्या कायद्यात याचे उत्तर आहे, ग्रामसभा. वर्षातून निदान चार सभा घ्याव्याच लागतात. सबळ कारण नसताना सरपंच त्या टाळू लागला, तर त्याचे पद जाऊ शकते. अमेरिकेच्या अध्यक्षाला काँग्रेसमध्ये उभे राहून प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत नाहीत. तो काँग्रेसचा सदस्यच नसतो. आपल्या सरपंचाला गावापुढे यावेच लागते. अनुसूचित क्षेत्रात तर पेसाने याहून मोठी गोष्ट दिली आहे. योजना ग्रामसभेने मंजूर करायची, लाभाची माणसे तिने ठरवायची आणि पैसा खर्च झाल्यावर तो योग्य कामी लागला, असा दाखला पंचायतीला ग्रामसभेकडून घ्यावा लागतो. म्हणजे खजिन्याची किल्ली काँग्रेसच्या हाती, तशी इथे ती तुमच्या हाती.

अमेरिकेतही ग्रामसभेसारखी एक चीज आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. ईशान्येकडच्या व्हरमाँटसारख्या राज्यांत लहान गावांचे लोक वर्षातून एकदा एकत्र जमतात, मार्चच्या पहिल्या मंगळवारी. गावाचा वर्षाचा खर्च तिथे मांडतात, त्यावर वाद होतो आणि हात वर करून तो मंजूर किंवा नामंजूर होतो. रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर दोन-दोन तास भांडतात म्हणे! ही सभा थंडी सरताना आणि शेतीची धांदल सुरू होण्याआधी घेतात. देशाच्या निवडणुकीचा दिवसही त्यांनी असाच बेतला. १८४५ च्या कायद्याने तो नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ठरला. नोव्हेंबर का, तर पीक घरात आलेले असते आणि रस्ते अजून बर्फाने अडलेले नसतात. मंगळवार का, तर रविवारी देवळात जायचे, सोमवारी घोडागाडीने तालुक्याच्या गावी पोहोचायचे आणि मंगळवारी मत द्यायचे. त्या काळी मत देणारा बहुतेक शेतकरी होता, म्हणून तारीख शेतकऱ्याच्या वर्षावर बेतली.

आता आपल्या सभांच्या तारखा आठवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. झेंडावंदनाला माणसे जमतातच, तेव्हा सभाही उरकून घ्यावी, हा विचार वाईट नाही. पण शहापूर-मुरबाडच्या वर्षावर या तारखा ठेवून पाहा. दिवाळी झाली की कातकरीवाडीतली घरेच्या घरे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, भिवंडी-कल्याणकडे आणि त्याही पलीकडे. बायका जातात, पोरेही जातात. वाडीत म्हातारी माणसे आणि कुत्री राहतात. पावसाच्या तोंडावर ती घरे परत येतात. म्हणजे २६ जानेवारीच्या सभेला वाडी नाही, १ मेच्या सभेलाही वाडी नाही. १५ ऑगस्टला ती असते, पण तेव्हा पाऊस झोडपत असतो आणि शेतातली कामे चालू असतात. उरली २ ऑक्टोबर. चारांतली एक सभा! घरकुलाची यादी, पाण्याची योजना, खर्चाचा दाखला, हे सारे उरलेल्या तीन सभांत होऊन गेले, तर कायद्याने चूक कुणाचीच नाही. गणसंख्येसाठी फार तर शंभर मतदार पुरतात. शंभर सह्या गावठाणातच मिळतात.

कुणी मुद्दाम वाडीला वगळले, असे मी म्हणत नाही. बहुधा कुणी तसा विचारही केलेला नसतो. पण बाबासाहेबांचा जो प्रश्न होता, गावातली सत्ता गावातल्या कुणाच्या हाती, त्याचे उत्तर कधीकधी दिनदर्शिकेतल्या एका चौकोनात दडलेले असते.

यावर कायद्यात वाट आहे का? आहे. चार हा किमान आकडा आहे. पाचवी सभा घ्यायला कुणाची बंदी नाही. ती जूनमध्ये, भट्टीवरची माणसे परतल्यावर आणि पेरण्या अंगावर येण्याआधी घेता येते. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची, हेही कायद्यात आहे. ती वाडीत घेतली तर ज्या बाया गावठाणातल्या सभेत तोंड उघडत नाहीत त्याही बोलतात. आणि पेसाची जी बाजू मी मघाशी सांगायची ठेवली होती ती ही. या कायद्यात गाव म्हणजे नुसते महसुली गाव नव्हे. एखादी वस्ती, एखादा पाडासुद्धा आपला कारभार रीतीप्रमाणे चालवत असेल तर त्याला स्वतःचे गाव मानता येते आणि त्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. राज्याने २०१४ साली नियम करून त्याची कार्यपद्धती घालून दिली आहे. पाड्याने आपल्या सभेत ठराव करून वर अर्ज धाडायचा. कागद थोडे लागतात आणि चकरा जास्त. इथे शिकलेल्या माणसाची गरज पडते, आणि पाड्यावर शिकलेला माणूस म्हणजे बहुतेक वेळा शाळेचे गुरुजी किंवा बाई.

गुरुजींना म्हणून एक काम सुचवतो. सातवीच्या मुलांना अमेरिकेची तीन सत्तामंडळे पाठ करून घेण्यापेक्षा हे जास्त रंजक होईल. ग्रामपंचायतीत जाऊन गेल्या चार ग्रामसभांचे प्रोसिडिंग बुक आणि हजेरीच्या सह्या पाहायला मागा. कागद गावाचे आहेत; रीतसर मागितले तर दाखवावे लागतात. मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगा : गावठाण, ठाकूरवाडी, कातकरीवाडी, तुमच्या गावात जे पाडे असतील त्यांची नावे. प्रत्येक सभेला कुठून किती माणसे आली ते मोजू द्या, बाया किती आणि बाप्ये किती तेही. मग शेवटी एक रकाना वाढवा, त्या सभेत कोणत्या पाड्याचे काम मंजूर झाले. आकडे मुलांनीच मांडू द्यात, तुम्ही काही बोलू नका. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर सरपंच आणि सदस्य शाळेत असतातच. तो तक्ता तेव्हा भिंतीवर लावून ठेवा.